बंद पडणाऱ्या गाडीचे निदान



काल या व्यासपीठावर उपनिषदांची चर्चा झाली आणि उद्या सहकाराच्या भवितव्यावर व्याख्यान आहे. या दोहोंच्या मध्ये संयोजकांनी आयुष्यभर हाताला ग्रीस लागलेल्या माणसाला उभे केले आहे. मी त्यांना विचारले, "या श्रोत्यांपुढे मी काय बोलू?" ते म्हणाले, "तुम्हाला जे येते ते बोला." मला एकच गोष्ट थोडीफार येते. गाडी बंद पडली म्हणजे ती का बंद पडली हे शोधणे. तीस वर्षे मुलांना मोटारीचे काम शिकवले, त्यात हेच मुख्य. खोलणे आणि जोडणे कोणीही शिकतो. खोलायचे काय, हे ठरवणे अवघड असते.

आज मी एका जुन्या पेट्रोल पिकअपची हकिकत सांगणार आहे. ती गाडी झटके द्यायची आणि मध्येच बंद पडायची. तिच्यापायी एका माणसावर चोरीचा आळ आला होता. म्हणून ती माझ्या लक्षात राहिली आहे.

हकिकतीपूर्वी इंजिनाची थोडी ओळख करून घेऊ. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थाने १८७६ साली चार धावांचे इंजिन चालवून दाखवले. दट्ट्या पहिल्या धावेत हवा आणि पेट्रोल आत ओढतो, दुसरीत ते दाबतो, तिसरीत ठिणगी पडून स्फोट होतो व दट्ट्या ढकलला जातो, आणि चौथीत धूर बाहेर जातो. आमच्या पिकअपचे इंजिनही याच जातीचे होते. अशा इंजिनाला तीनच गोष्टी लागतात. योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, पुरेसा दाब, आणि वेळेवर ठिणगी. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात. त्यांतल्या चारदोन चुकल्या तरी गाडीत बसलेल्या माणसाला धक्का जाणवतो. यालाच आमचे मिस्त्री 'गाडी मिसिंग करते' असे म्हणतात.

ही ठिणगी बॅटरीच्या १२ व्होल्टांतून येत नाही. कॉइल त्या १२ व्होल्टांचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते आणि डिस्ट्रिब्यूटर ते पाळीपाळीने चारही प्लगांकडे पोचवतो. काही गॅरेजांत या डिस्ट्रिब्यूटरला 'डेल्को' म्हणतात. चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ साली अमेरिकेत एका सहकाऱ्यासह 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' काढली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा 'डेल्को' झाला आणि तो शब्द आमच्या मिस्त्र्यांच्या तोंडी येऊन बसला.

आता मिसिंग करणारी गाडी समोर आली की पहिला प्रश्न असा, की एकच सिलिंडर आळशी आहे की चारही? इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने, एकेका प्लगची वायर काढून ती लगेच इंजिनाच्या धातूला टेकवायची. वायर काढताच इंजिनाची चाल मंदावली तर तो सिलिंडर काम करत होता. वायर काढूनही काही फरक पडला नाही, तर आळशी तोच. मग तिथला प्लग, वायर आणि दाब पाहायचा. दाब कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर झडपा किंवा गॅस्केट यांच्याकडे बोट जाते. चमचाभर ऑइलने पुष्कळ खोलाखोल वाचते.

दुसरा प्रश्न, हे कधी होते? फक्त पावसात होत असेल तर डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीला तडा असण्याचा संभव आहे. गाडी जागेवर उभी असताना इंजिन थरथरते आणि वेग घेतल्यावर सुधारते, असे असेल तर कुठून तरी फालतू हवा आत शिरत असेल. तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर सुरू होते, असे असेल तर मात्र सावध राहावे. या एका लक्षणामागे निदान चार रोग लपलेले असतात. कॉइलच्या आतली तार तापून तुटक होते. कंडेन्सर गरम झाला की दगा देतो. नळीतले पेट्रोल उकळून तिथे वाफ अडकते. चौथा रोग पुढे येईलच.

आता हकिकत. १९८६ चा वैशाख. सासवडकडच्या एका बागाईतदारांकडे ही पिकअप होती. गाडी तेव्हाच सतरा-अठरा वर्षांची. पहाटे भाजी भरून दिवे घाट उतरायचा, गुलटेकडीच्या बाजारात माल घालायचा, आणि परतताना हडपसरला पेट्रोल भरून घाट चढायचा, असा रोजचा रिवाज. गाडीवर एक तरुण ड्रायव्हर होता. शिक्षण सातवीपर्यंत, हात चांगला, बोलणे कमी.

त्या वर्षी गाडी पेट्रोल जास्त खाऊ लागली. पूर्वी लिटरला नऊ किलोमीटर जायची ती सहावर आली. मालकांच्या मनात आले, की पेट्रोल कोणीतरी काढते आहे. 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे सांगायला नको. त्यांनी टाकीला कुलपाचे नवे झाकण आणून बसवले आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली.

त्यानंतर गाडी बंद पडू लागली. आधी झटके, मग कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज, मग गप्प. बहुधा घाटात, भर उन्हात. गावातल्या मिस्त्र्याने सांगितले, पेट्रोलची वाफ होते आहे, पंपावर ओला फडका टाका. फडका टाकला, दहा मिनिटांत गाडी सुरू झाली. पण चार दिवसांनी पुन्हा तेच. मग कॉइल बदलली. कंडेन्सर बदलला. प्लग दोनदा बदलले. पेट्रोलचा पंप नवा टाकला. गाडीची काही सुधारणा झाली नाही आणि मालकांचा संताप वाढत गेला.

शेवटी ते माझ्याकडे आले ते मात्र गाडीसाठी नव्हे. म्हणाले, "मास्तर, तुमच्या हाताखालचा एखादा विश्वासू पोरगा ड्रायव्हर म्हणून द्या. याला महिनाअखेर काढणार आहे." मी कारण विचारले. त्यांनी जे सांगितले त्याने मीही क्षणभर गप्प झालो. म्हणाले, "मी गाडीत असलो की बंद पडलेली गाडी दहा मिनिटांत सुरू होते. मी नसलो की हा तास-दीड तास रस्त्यात काढतो. मागच्या आठवड्यात पहाटेच्या गारव्यात फुरसुंगीजवळ थांबला होता. ऊन नाही, घाट नाही, मग गाडी तापली कशाने? बाजाराला उशीर झाला, भाजीचा भाव पडला. अंधारात थांबून हा नळीतून पेट्रोल काढतो, दुसरे काय!" उशिराचे पैसे त्यांनी पगारातून कापलेही होते.

ड्रायव्हर बाहेर उभा होता. त्याला आत बोलावले. तो एवढेच म्हणाला, "मास्तर, गाडीच्या पोटात कायतरी हाय. माझ्या पोटात काय न्हाई."

श्रोतेहो, पुरावा तर मोठा जबर होता. मालक असताना दहा मिनिटे, नसताना दीड तास. आपल्यापैकी कोणीही न्यायाधीश असता तरी त्याने मान डोलावली असती.

इथे मला आपल्या वैद्यांची आठवण होते. माधवकरांच्या 'माधवनिदान' या ग्रंथाला बाराशे-तेराशे वर्षे झाली असतील. त्यात रोग ओळखायची पाच साधने दिली आहेत. निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आधीची चाहूल, रूप म्हणजे लक्षण, उपशय म्हणजे कशाने आराम पडतो ते, आणि संप्राप्ती म्हणजे रोग शरीरात कसकसा घडत गेला ते. यांतला उपशय मोठा उपयोगी आणि तितकाच फसवा. ज्याने आराम पडला त्यावरून रोग ओळखावा, हे खरे. पण आराम नेमका कशाने पडला, हे आधी ठाऊक हवे. ओला फडका टाकला आणि गाडी सुरू झाली, म्हणून वाफच अडकली होती असे कसे म्हणावे? फडक्याबरोबर दहा मिनिटेही गेली होती. तेवढ्यात कॉइलही निवते. आणखीही काही घडले असेल.

म्हणून मी मालकांना विचारले, "गाडी बंद पडल्यावर तुम्ही काय काय करता? पहिल्यापासून सांगा." ते म्हणाले, "काय करणार? उतरतो, टाकीचे कुलूप काढतो, काठी घालून पेट्रोल किती आहे ते बघतो. आता चोराच्या हाती गाडी दिली म्हटल्यावर बघावेच लागते. मग बॉनेट उघडतो, फडका टाकतो."

"आणि हा एकटा असतो तेव्हा?"

"तेव्हा किल्ली माझ्याकडे. टाकीला हात लावायची त्याला सोयच नाही."

एक शंका माझ्या मनात तेव्हाच आली, पण मी बोललो नाही. तर्क सुचला की माणसाला तो फार आवडू लागतो, आणि मग पुरावा त्याच्याकडे वाकतो. मालकांचेही तेच झाले होते. पहाटेच्या गारव्यात गाडी बंद पडली, ही गोष्ट उष्णतेच्या तर्काविरुद्ध साक्ष देत होती. त्यांनी ती ड्रायव्हरविरुद्धची साक्ष मानली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे निघालो. हडपसरला टाकी काठोकाठ भरली, झाकणाला कुलूप लावले आणि घाटाकडे वळलो. घाटाच्या निम्म्यावर झटके सुरू झाले. दोन वळणे गेली आणि गाडी गप्प झाली. मालक किल्ली घेऊन उतरले. मी त्यांचा हात धरला. म्हटले, "आज कोणी काही करायचे नाही. काठी नको, फडका नको. गाडी आजारी आहे तोवरच तिला विचारून घेऊ."

आधी ठिणगी. पेट्रोलची नळी उघडण्यापूर्वी ठिणगी पाहून घ्यावी. उघड्या पेट्रोलजवळ ठिणगीचा खेळ करू नये. कॉइलची मधली वायर काढून इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरली आणि ड्रायव्हरला स्टार्टर मारायला सांगितले. कडकड आवाज करत निळी ठिणगी पडू लागली. म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळे निर्दोष. मालकांचे त्यावर गेलेले पैसे वाया गेले, हे तिथेच ठरले.

मग ती वायर धातूला घट्ट बांधून टाकली आणि कार्ब्युरेटरला येणारी पेट्रोलची नळी सोडवून बाटलीत धरली. स्टार्टर मारला. पंप हलत होता, पण बाटलीत चार थेंब पडले. पंप नवा, टाकी भरलेली, तरी पेट्रोल येत नाही. नळीला हात लावून पाहिला. कोमट होती, चटका बसेल अशी नव्हती.

आता मालकांना म्हटले, "कुलूप काढा. पण झाकण हळूच फिरवा." त्यांनी झाकण थोडे फिरवले आणि टाकीने एक लांब श्वास आत घेतला. सुऽऽऽ असा आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला. फडका टाकला नव्हता, इंजिन निवले नव्हते. पुन्हा स्टार्टर मारला. बाटलीत पेट्रोलची धार लागली.

चौथा रोग तो हा. टाकीतून पेट्रोल बाहेर जाते तेव्हा तितकी हवा आत यावी लागते. त्यासाठी जुन्या झाकणाला बारीक भोक होते. कुलपाच्या नव्या झाकणाला ते नव्हते. रॉबर्ट बॉईल यांनी १६६२ साली मांडलेला नियम इथे दिवे घाटात उतरतो. चाळीस लिटरच्या टाकीत भरल्यावर वर समजा चार लिटर हवा राहिली. दोन लिटर पेट्रोल खर्च झाले की तीच हवा सहा लिटरांत पसरते, म्हणजे तिचा दाब दोनतृतीयांशावर येतो. पेट्रोलची वाफ थोडी भरपाई करते, पण गारव्यात ती वाफही कमी. पंप बिचारा ओढतो आणि टाकी सोडत नाही. टाकी अर्धी रिकामी असेल तर वीस लिटरांचे बावीस होतात, फरक फारसा जाणवत नाही. म्हणून गाडी टाकी भरल्यावरच बंद पडायची. उन्हाशी त्याचा संबंध नव्हता. पहाटे फुरसुंगीला थांबली त्याच्या आदल्या संध्याकाळी टाकी भरली होती, हे ड्रायव्हरने तिथल्या तिथे आठवून सांगितले.

आता ती दहा मिनिटे आणि तो दीड तास यांचा उलगडा करू. मालक पेट्रोल मोजायला झाकण उघडत, टाकीत हवा जाई, गाडी सुरू होई. श्रेय फडक्याला मिळे. ड्रायव्हरकडे किल्ली नव्हती. फटींतून थोडी हवा झिरपेपर्यंत आणि वाफ धरेपर्यंत तो रस्त्याच्या कडेला बसून राही. ज्या किल्लीने त्याच्यावर पहारा ठेवला होता, तीच त्याच्याविरुद्ध पुरावा तयार करत होती.

तरी मी तिथे थांबलो नाही. एकदा बरे वाटले म्हणजे रोग सापडला असे नव्हे. झाकण सैल ठेवून, वर फडका बांधून सासवड गाठले. गाडी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकी भरून कुलूप लावले, गाडी घाटात बंद पडली. तिसऱ्या दिवशी अडगळीतून काढलेले जुने झाकण लावले, गाडी घाट सहज चढली. दोष हवा तेव्हा आणता आला आणि हवा तेव्हा घालवता आला, की मगच तो सापडला असे म्हणावे.

पण पेट्रोल जास्त का जात होते? त्याचे उत्तर प्लगांवर लिहिले होते. निरोगी प्लगचे टोक तपकिरी असते. हे चारही प्लग महिन्याभरात कोरड्या काजळीने काळे झाले होते, म्हणजे इंजिनाला पेट्रोल प्रमाणाबाहेर मिळत होते. हवेची गाळणी काढून पाहिले तर चोकची पाकळी अर्धवट मिटलेली. गाडीतली चोकची मूठ पूर्ण आत ढकलली तरी तारेचे वेष्टण घसरल्यामुळे पाकळी उघडत नव्हती. एक स्क्रू आवळून ती नीट केली. पुढच्या पंधरवड्यात गाडी पुन्हा लिटरला नऊच्या आसपास आली. पेट्रोल कोणी चोरत नव्हते. गाडी ते पीत होती आणि त्याचा धूर करत होती. एका गाडीत दोन रोग होते. पहिला घसरलेल्या तारेचा. दुसरा त्यावर केलेल्या उपायाने आणलेला.

मालक मनाचे वाईट नव्हते. त्यांनी कापलेले पैसे परत केले आणि माझ्यासमोर ड्रायव्हरला म्हणाले, "झाले ते विसरून जा." त्याने पैसे मोजून घेतले. तो हंगाम त्याने गाडी चालवली. दसऱ्यानंतर तो दुसरीकडे लागला. मालकांनी पगार वाढवून देऊ केला होता, तरी गेला. काही वर्षांनी मला तो स्टँडवर भेटला. मी विचारले, "का रे सोडलेस?" म्हणाला, "मास्तर, गाडी बरी झाली. पण मालक उतरले की अजून माझी नजर त्यांच्या कमरेला जायची."

ही जुनी गोष्ट आहे. आता भारतात नव्या विकल्या जाणाऱ्या पेट्रोल मोटारींत कार्ब्युरेटर नाही, चोकची मूठ नाही. गाडीत संगणक असतो आणि ठिणगी चुकली की तो संकेतांक नोंदवतो. 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरात स्फोट चुकतो आहे. 'पी ०३००' म्हणजे कुठल्याही सिलिंडरात, अनियमितपणे. मुले तो अंक पाहतात आणि प्लग व कॉइल बदलून मोकळी होतात. पण तो अंकही रूपच सांगतो, कारण सांगत नाही. स्फोट चुकला एवढे संगणकाला कळते. का चुकला, ते ठिणगी, पेट्रोल आणि दाब यांना पूर्वीसारखेच एकेक करून विचारावे लागते.

आपल्यापैकी थोड्यांकडेच आता जुनी पिकअप असेल. तरी कधी रस्त्यात गाडी बंद पडली, तर धांदल करून एकदम चार गोष्टी करू नका. आधी ठिणगी बघा, मग पेट्रोल बघा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि ती बदलल्यावर काय झाले ते लिहून ठेवा. आणि गाडीत कोणी नोकर माणूस असेल, तर त्याच्यावर बोट ठेवण्यापूर्वी त्याला एकदा विचारा, की गाडी बंद पडली तेव्हा तू काय काय पाहिलेस? त्या पहाटेची फुरसुंगीची हकिकत ड्रायव्हरने आधीच सांगितली असती. त्याला तेवढे विचारायला कोणी नव्हते.